आत्याबाईंना मी उठू दिलं नाही

माझ्या सासूला मी दीड वर्ष खाटेला जखडून ठेवलं, आणि त्याबद्दल नणंदेनं चारचौघींत मला पाटावर बसवून साडीचोळी केली. दोरी वापरली नव्हती. दोरी वापरली असती तर कुणीतरी सोडवायला तरी आलं असतं. मी सेवा केली.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आमचं घर मेंढरांचं, थोडी शेती आणि जास्त मेंढरं. आत्याबाई उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण हाक अशी की पल्याडच्या शिवारात चरणारी मेंढी मान वर करायची. मी तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. एका सकाळी आत्याबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. घरी सोडताना तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं मला बाजूला घेऊन बजावलं, की यांना रोज उभं करायचं, वॉकर धरून चालवायचं, बसवून जेवू द्यायचं, आणि जे त्यांना जमतंय ते त्यांचं त्यांनाच करू द्यायचं. मी मान हलवली. मान हलवण्यात त्या वयात मला कुणी हरवलं नसतं.

वॉकर घरी आला. दोन दिवस कोपऱ्यात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर ओले परकर वाळत घातले, आणि पुढं तो त्याच कामाचा झाला.

आता कुणी म्हणेल, बाई अडाणी होती, कळलं नसेल. तसं नव्हतं. कळलं होतं. पण आमच्याकडं आजारी माणसाला बघायला येणारे खरं तर त्याच्या सुनेला बघायला येतात. केळ्यांची फणी हातात, डोळे सगळ्या घरभर. सून बसलीय का उभी आहे, म्हातारीचं अंथरूण स्वच्छ आहे का, तोंडात घास कोण घालतंय. त्यांच्यासमोर मी आत्याबाईंना वॉकरला धरून उभं केलं असतं, त्या कण्हल्या असत्या, तर सिरसाळ्याच्या बाजारापर्यंत बातमी गेली असती की अमकीची सून मोडक्या पायाच्या म्हातारीला पळवती. म्हणून मी घास भरवायचे. मोडला होता खुबा, हात दोन्ही ठणठणीत. तरी भरवायचे.

"अगं, माझ्या हाताला काय झालंय?" आत्याबाई म्हणायच्या.

"असू द्या आत्याबाई, तुमी कशाला तरास घेता."

"खायाचा कसला तरास? आयुष्यभर खाल्लंच की."

तोवर दारात कुणाच्या तरी चपला वाजायच्या, आणि मी भाकरी दुधात आणखी कुस्करायचे. येणारी बाई म्हणायची, "लई गुणाची सून मिळाली बघा तुमाला." मी खाली मान घालून लाजायचे. ते लाजणंही मी चांगलं बसवलं होतं.

संध्याकाळी मेंढरं परत यायची. मेंढरांच्या वाड्याचं फाटक खाटेपासून दिसत नव्हतं, नुसता आवाज यायचा. आत्याबाई डोळे मिटून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "एक मेंढी लंगडती हाय. जरा बघून ये." मी बघून आले, तर खरंच एकीच्या खुरात काटा होता. मग त्या म्हणाल्या, "मला फाटकापर्यंत ने गं. निसती फाटकापर्यंत. धरून ने."

पंधरा-वीस पावलं असतील. मी म्हटलं, "उद्या नेते."

रोज संध्याकाळी त्या तेच म्हणायच्या आणि मीही तेच. पहिले दोन महिने मी नेलं नाही. नंतर एकदा माझंच मन मला खाऊ लागलं म्हणून त्यांना उठवायला गेले, तर पाय काठीसारखे बारीक झालेले आणि गुडघे वळत नव्हते. पायातली ताकद मी घासाघासानं काढून घेतली होती. त्याही समजल्या. त्यानंतर त्यांनी फाटकाचं नाव काढलं नाही, आणि मला वाटलं, चला, समाधानी झाल्या. पाठीला जखमा झाल्या, त्या मी इतक्या मायेनं धुतल्या की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एक दिवस त्या गेल्या. तेराव्याला नणंदेनं मला साडीचोळी केली. साडी अंजिरी रंगाची होती. मला आवडली, हेही सांगून टाकते.

आता माझी पाळी कशी आली ते ऐका.

गेल्या साली तुरी पाखडताना माझ्या उजव्या हातातलं सूप गळून पडलं. उचलायला गेले तर हात माझा नव्हताच. लकवा. पोरानं वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव आणि जीभ दोन्ही वाचले. जीभ वाचल्याचं घरात कुणाला किती कौतुक आहे, ते मी विचारलेलं नाही. उजवा हात आणि उजवा पाय मात्र रुसून बसले.

घरी आले ती सुनेच्या राज्यात. माझी सून खरी मायाळू, माझ्यासारखी दिखाऊ नाही. तिनं मला बाजेवर निजवलं आणि सगळं हातात घेतलं. आंघोळ, वेणी, घास. पन्नास वर्षं लुगडं नेसलेल्या बाईला तिनं फुलाफुलांची मॅक्सी घातली. आरशात बघितलं तर मी खिडकीचा पडदा वाटले. मी म्हटलं, "अगं, घास तरी मला घेऊ दे, डावा हात आहे की." तर ती म्हणाली, "असू द्या आई, सांडंल. तुमी आत्याबाईंना भरवत होता न्हाई का, मला किती वेळा सांगितलंय."

सांगितलंच होतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून, संधी मिळेल तेव्हा. म्हणजे धडा माझाच होता, आणि तो आता चमच्यानं माझ्याच तोंडात येत होता.

दवाखान्यानं लावून दिलेली थेरपीची मॅडम आठवड्यातून दोनदा सिरसाळ्याकडून स्कूटीवर यायची. वय माझ्या नातीएवढं. गावानं लगेच तिचं नाव मालिशवाली ठेवलं. तिला राग आला नाही. मला म्हणाली, "आजी, मालिश मी करतच नाही. पायाला उभं राहायला शिकवायचं हे एक काम. त्या पायानं आणि हातानं तुमचं रोजचं कसं उरकायचं, हे दुसरं. मला दोन्ही करायची आहेत. तुम्ही सांगा, तुम्हाला स्वतःच्या हातानं काय करायचंय?"

"सुनेला एक चापट मारायचीय," मी म्हटलं.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "मारा की, बरं वाटत आसंल तर."

मॅडम हसली, पण उत्तर मिळाल्याशिवाय हलेना. मग मी खरं सांगितलं. लुगडं नेसायचंय. माझं मी. कासोट्यासकट.

इतका साधा प्रश्न, विचारायला पैशाचं औषध लागत नाही, आणि तो आत्याबाईंना आम्ही कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी न विचारता उत्तर दिलं होतं, रोज संध्याकाळी. मला ऐकू येत होतं.

मॅडमनं आल्या आल्या माझी बाज काढायला लावली. खोलगट बाजेतून धडधाकट माणसालाही उठता येत नाही, म्हणाली, आणि आजींचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पोरानं फळ्यांचा पलंग आणला, न्हाणीच्या भिंतीत पाण्याच्या पाईपचा तुकडा धरायला बसवला. मग पाय मागं घे, पुढं वाक, आता ऊठ, असं दिवसातून दहादा. ताटात तुरीचे दाणे पसरून उजव्या हाताच्या चिमटीनं वाटीत टाकायचे. पहिल्या दिवशी एक दाणा वाटीत पडला आणि बाकीचे कोंबडीनं उरकले. पोलकं घालताना आधी दुखरा हात बाहीत, काढताना आधी चांगला. इतकी वर्षं पोलकी घातली, त्यातही शास्त्र असतं हे मला माहीत नव्हतं. लुगड्याआधी टॉवेल कमरेला गुंडाळायचा सराव. मॅडम म्हणाली, सहावारी नेसा, सोपं जाईल. मी म्हटलं, सोपंच करायचं असतं तर पडदा काय वाईट होता.

महिन्या-दीड महिन्यात मी पलंगावरून एकटी उठू लागले. डाव्या हातानं जेवू लागले, उजव्याचा नुसता टेका. सुनेला मॅडमनं सांगून ठेवलं होतं, की आजी धडपडत असतील तेव्हा पडणार नाहीत एवढं बघायचं, पण हात लावायचा नाही. बिचारी पदराला हात पुसत उभी राहायची.

मग एका दुपारी माझी चुलत जाऊ आली. आम्ही एकाच वर्षी या गावात नांदायला आलो, आणि तेव्हापासून ती माझ्याकडं नीट लक्ष ठेवून आहे. मी ताटातले दाणे निवडत होते. तिनं सुनेकडं बघितलं.

"कावून गं, म्हातारीला तुरी निवडायला बसवलंस? बायाच मिळंनात व्हय कामाला?"

"व्यायाम हाय तो, काकू."

"आमच्या टायमाला आसले व्यायाम नव्हते बाई. हिनं सासूला हातात झेललं होतं. गावाला म्हाईत हाय."

सुनेचा चेहरा उतरला. तिनं माझ्यापुढचं ताट उचललं. संध्याकाळी घास तिच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमला फोन केला, आईंना बरं वाटत नाही, या आठवड्यात येऊ नका. पुढच्याही आठवड्यात तेच. माझी बोटं आवळत चालली. उठताना मांडी थरथरू लागली. आठ-दहा दिवसांत इतकं मागं जाता येतं, हे मला माझ्याच अंगावर दिसलं, आणि आत्याबाईंचे ते दोन महिने मोजता आले.

सुनेला समजावून उपयोग नव्हता. तिला माझी नाही, गावाची भीती होती. आणि गावाच्या हातात जे माप होतं ते माझं होतं. मी पोराकडून जावेला निरोप धाडला, चहाला ये, येताना आणखी दोघींना आण. ती चौघींना घेऊन आली.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "आत्याबाईंना मी भरवत होते ना, त्यांच्या हाताला काही झालेलं नव्हतं."

जाऊ म्हणाली, "सेवाच ती. आमी डोळ्यानं बघितली."

"तुमी बघत होता म्हणून तर केली."

मग मी वॉकरचं सांगितलं, परकरांचं सांगितलं, फाटकाचं सांगितलं. दवाखान्यातल्या बाईनं बजावलं होतं आणि मी मान हलवली होती, तेही. "त्या चालल्या असत्या," मी म्हटलं. "मी चालू दिलं न्हाई. मला तुमच्याकडून शाबासकी पाहिजे होती."

"येवढ्या वर्सांनी कशाला उकरतीस गं," जाऊ म्हणाली. "म्हातारी गेली बी."

"मी राहिलेय की."

तिनं कप तोंडाला लावला. चहा संपलेला होता. मग म्हणाली, "मी दोनदा बघितलं होतं. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता, आन तू काढून घेतलास. मला वाटलं, प्रेमानं घेतलास."

"मलाही तसंच वाटायचं, कुणी आलं की," मी म्हटलं. "आता माझी सून मला धडपडू देती, त्याला कुणी नाव ठेवलं तर माझ्याकडं या. मी तुमाला पुन्हा पहिल्यापासून सांगीन, आन लांबवून सांगीन."

त्या गेल्या. जाऊ जाताना माझ्या उजव्या हाताला हात लावून गेली, बोटं किती वळतात ते बघितल्यासारखी. सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याबद्दल तिला काय वाटलं हे तिनं अजून सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

पण सकाळी तिनं मॅडमला फोन लावला, मग ट्रंकेतलं लुगडं काढून पलंगावर ठेवलं आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसली. दार लोटलं, कडी लावली नाही.

मी भिंतीला पाठ टेकून सुरुवात केली. गाठ दोनदा सुटली. निऱ्या डाव्या हातानं घालायच्या आणि उजव्या हाताखाली दाबून धरायच्या. उजवा हात निऱ्या करू शकत नाही, पण वजन म्हणून चांगला आहे. मध्ये दोनदा पलंगावर बसले. बाहेरून हाक आली, "आई, येऊ का?" मी म्हटलं, "बस तिथंच." थोड्या वेळानं परत, "आई?" मी उत्तर दिलं नाही, दातात पदर होता.

अर्धा तास लागला असेल, जास्तच. निऱ्या एका अंगाला गेलेल्या, घोटा एकीकडं उघडा, कासोटा कसाबसा खोचलेला. चौकट धरून मी आडव्या अंगानं दारात आले. सून वळली. कासोटा मागून सुटून लोंबत होता, तो मला दिसत नव्हता, तिला दिसत होता. ती उठली. तिचा हात पुढं आला, पार माझ्या कमरेपर्यंत आला, आणि तिथून तिनं तो मागं घेतला.

तेवढंच करायला हवं होतं मी, आत्याबाईंच्या वेळी.