चेअरमनच्या टेबलावरचा ओव्हर करंट

"मशिनला हात लावू नगा, करंट येतोय!" दूध संस्थेच्या ऑफिसात मी पाऊल टाकलं तेव्हा सेक्रेटरी ओरडत होते. अख्खी कमिटी भिंतीला पाठ लावून उभी. चेअरमन आबांनी तर दारात काढलेल्या चपला परत पायात घातल्या होत्या.

मशिन, म्हणजे कॉम्प्युटर, माझं होतं. शिवाजी पेठेतल्या दुकानात सुटे पार्ट जोडून मी ते बनवलं होतं. पेठ वडगावकडच्या या संस्थेनं ते ट्रायलवर घेतलेलं. चाललं तर सगळ्या संकलन केंद्रांची ऑर्डर मला, नाहीतर आबांच्या जावयाच्या पुण्यातल्या शोरूममधून ब्रँडेड. निर्णय त्याच सकाळच्या मीटिंगमध्ये होता. मी मोटर रिवाइंडिंगपासून इथवर आलो, कुणाच्या सासऱ्याच्या जिवावर नाही. त्यामुळं डोकं आधीच तापलेलं.

मशिन चालू केलं की स्क्रीनवर यूएसबीत 'ओव्हर करंट' असल्याचा मेसेज यायचा आणि ते आपोआप बंद पडायचं. यूएसबी म्हणजे प्रिंटर, पेन ड्राइव्ह जोडायची चपटी खाच. तिच्यातून माहिती जाते, थोडी वीजही जाते. आतल्या पिना भलतीकडं टेकल्या की मदरबोर्ड सगळं जळण्यापेक्षा स्वतःच बंद होतो. माणसाला शॉक बसायचा संबंध नाही.

हे समजावल्यावर आबा म्हणाले, "मग तू धर की आदी."

मी दोन्ही हातांनी कॅबिनेट धरलं. कमिटीला जरा निराशाच झाली. बाकी सगळे चहाला बाहेर गेले. आबा आणि सेक्रेटरी थांबले.

प्रिंटर काढला. तोच मेसेज. स्कॅनर काढला. तोच मेसेज. यूएसबीला काहीच जोडलेलं नाही, तरी मेसेज! म्हणजे दोष खाचेतच. कॅबिनेट उघडून पुढच्या दोन खाचांची वायर मदरबोर्डवरून उपटली. विंडोज झक्क चालू झालं. मग खाचांत बॅटरी मारली. पिना वाकलेल्या आणि एकीत बारीक काडी मोडून बसलेली. चिमट्यानं ओढून नाकाशी धरली. मोगरा.

"सेक्रेटरी, हे काय?"

सेक्रेटरी आबांकडं बघायला लागले.

"खंडेनवमीला पूजा केली की मशिनची," आबा पुटपुटले. "उदबत्तीचं घर घावंना. ह्या दोन भोकांत दोन बसल्या. माप बराबर हाय म्हटलं, कंपनीनं त्याच्यासाठीच ठेवलं आसंल."

माझ्या तोंडात शिवी आली होती. ती बाहेर पडायच्या आत आबांनी माझा दंड धरला.

"दिनकर, कमिटीम्होरं काढू नगंस. विरोधी पॅनेल गावभर करंल."

"मग ऑर्डर?"

"तुझीच की."

"वर यूपीएसपण माझेच."

"घे की!"

एवढ्या लवकर पटलेला सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. तिथंच शंका यायला हवी होती. काडी आबांनी माझ्या हातातून घेऊन खिशात टाकली.

कमिटी आत आली. मी म्हणालो, "विशेष काही नाही. आतली एक वायर ढिली होती."

आबा गंभीर झाले. "सेक्रेटरी, लिवा. वायर ढिली निघाली, असं खुद्द पार्टीनं सांगितलं. आता मला सांगा मंडळी, आसल्या मशिनवर सभासदांच्या दुधाचा हिशोब ठेवायचा?"

सगळ्यांनी माना हलवल्या. जावयाचं नाव एकमतानं मंजूर झालं. मी उठून ओरडलो, "आबा, उदबत्तीचं सांगू काय?"

"कसली उदबत्ती?" आबा कमिटीकडं वळले आणि हसले. मग मला म्हणाले, "पावणं, तापू नगा. आत्ताच वायर म्हणालासा, आता उदबत्ती. एक कायतरी धरा की."

दिनकरचा मी एका चहात पावणा झालो होतो. कॅबिनेट काखोटीला मारून बाहेर पडलो.

तेव्हापासून बिघाड सापडला की आधी सगळ्यांना गोळा करून दाखवतो, मगच दुरुस्तीला हात घालतो. त्यानं गिऱ्हाईक दुखावतं, ऑर्डरी जातात. पण त्या दिवशी माझी वायर ढिली नव्हती.