काचेच्या भांड्यातला भात

चामोर्शीच्या इंदुताईंनी चाळीस वर्षं भात शिजवला, पण उकळीत दाणे कसे नाचतात हे बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. सून मयुरीनं काचेचं भांडं आणलं. "आई, हे फक्त वाढाले आहे," असं तिनं बजावलंही. ती शेतावर गेली आणि इंदुताईंनी ते चुलीवर चढवलं. शेजारच्या बाया टीव्ही पाहावा तशा समोर बसल्या. भात झाला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं भांडं ओल्या पोत्यावर उतरलं. ठण्णकन फुटून काचा अंगणभर उडाल्या. नशीब, कोणाला लागलं नाही.

मयुरी परतली तेव्हा तो भात खड्ड्यात पुरला होता, जर्मनच्या गंजात, नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात, दुसरा रटरटत होता, आणि बाया अजून हसत होत्या.

"त्याच्यात सगळं दिसे बाई," इंदुताई म्हणाल्या, "फुटाचं तेवढं नाई दिसलं."