मिठाचं लॅटिस

"मग तुझी आई टोपलीत काय बिंदू वाहते?"

सरांनी भर वर्गात विचारलं. वर्ग हसला. मी उभीच. भाईंदरच्या खारी गावची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आई मिठागरात मीठ वाहायची, हे सरांना ठाऊक होतं.

त्यांनी मिठाच्या स्फटिकाचं लॅटिस विचारलं होतं. मी म्हणाले, लॅटिस म्हणजे ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची मांडणी, त्यात अणू नसतात. व्याख्या त्यांचीच, आदल्या तासाची. शब्दाला शब्द.

पहिल्या बाकावरचा, दुसऱ्या एका प्राध्यापकांचा मुलगा म्हणाला, "सोडियम आणि क्लोरीनची जाळी." त्याला शाब्बास.

सहामाहीत मीही सोडियम-क्लोरीन लिहिलं. चूक. शेरा: लॅटिस म्हणजे बिंदू. पेपर घेऊन गेले तर सर म्हणाले, "कुठे कुठला अर्थ घ्यायचा, हे कळायला घरात वातावरण लागतं."

सर अर्थ बदलतात, एवढंच आईला सांगितलं. टोपलीचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "सकाली एक, सांजला दुसरा. त्या मास्तरचा काय भरवसा न्हाय."

मी पुस्तकं चाळली. जुने लोक अणूंच्या मांडणीलाही लॅटिस म्हणत. पुढे फरक केला गेला: नुसते बिंदू ते लॅटिस, अणूंसकट ती संरचना. तरी सवयीने दोन्ही अर्थ चालूच राहिले. कुणासाठी कुठला लावायचा, ते सर ठरवत होते.

वार्षिक तोंडी परीक्षा. सर आणि बाहेरचे एक परीक्षक. नापास झाले असते तर शिक्षण बंद. मामाने स्थळ बघूनच ठेवलं होतं.

"हं, मिठागरवाली. मिठाचं लॅटिस सांग."

"बिंदू की अणू, सर? आधी अर्थ सांगा."

"परीक्षा कोण घेतंय?"

"तुम्हीच. म्हणून विचारतेय."

बाहेरचे परीक्षक हसले. "अगं, दोन्ही चालतं."

"मग दोन्ही वेळा माझंच कसं चुकलं?"

सर म्हणाले, "जा." मी खुर्चीवरून उठले नाही. दोन्ही हातांनी खुर्ची धरली. शेवटी परीक्षकच म्हणाले, "बिंदू धर." मी उत्तर दिलं. काठावर पास झाले.

एकोणीसशे नव्वदनंतर तर शास्त्रज्ञांनी खुद्द स्फटिकाची व्याख्या बदलली. नवे पदार्थ सापडले होते, ते जुन्या व्याख्येत बसेनात. कारण सांगून बदलली. माझी तक्रार नाही.

शब्दाचा अर्थ बदलतो, हे मला मान्य आहे. तो माझं तोंड बघून बदलला, तर मी उत्तर देणार नाही. आणि उठणारही नाही.