भांडायची खोली

सोमवारी सकाळी आमच्या निजायच्या खोलीचं दार उघडलं, की परक्या अत्तराचा वास अंगावर येतो. गोड, जड, पडद्यांच्या घड्यांत मुरलेला. मी खिडकी सताड उघडते, भातखाचरांवरचा ओला वारा आत घेते. पण तो गंध काही हटत नाही. ज्या खोलीत मी नवी नवरी होऊन आले, तिथेच मला पाहुणीसारखं वाटावं!

आमचं घर कळंबच्या रस्त्यालगत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊ लागली, तसं आम्हीही पतपेढीचं कर्ज काढून परसात दोन खोल्या बांधल्या, भाड्याने देण्यासाठी. निर्णय दोघांचा, सह्या दोघांच्या. ह्यांनी मला फसवलं असं मी देवासमोरही म्हणणार नाही. पुढे आजूबाजूला पोहण्याच्या तलावांची मोठी रिसॉर्टं उभी राहिली. आमचं भाडं उतरलं, हप्ता मात्र उतरेना. तेव्हा हे चाचरत म्हणाले, "आपली खोली बी दिली तर?" मी मान डोलावली. तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही कपाटाला कुलूप घालतो, भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवतो आणि अंथरूण घेऊन माजघरात सासूबाईंच्या शेजारी निजायला जातो.

संसारात पैशाचं बोलायला एक बंद दार लागतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? त्या खोलीत आम्ही काय कमी भांडलो! नणंदेच्या आहेरावरून, माझ्या बांगड्या मोडण्यावरून, ह्यांनी मित्राला दिलेल्या उसन्यावरून. मी रडायचे, हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. पण दार उघडून बाहेर पडताना दोघांचं काहीतरी एक ठरलेलं असायचं. आता माजघरात सासूबाई जाग्या, भिंतीपलीकडे पाहुणे. शनिवारी आलेला राग सोमवारपर्यंत गिळून ठेवायचा, आणि सोमवारी तो इतका शिळा होतो, की काढावासाच वाटत नाही. पाहुणे मात्र ओट्यावर बसून म्हणतात, "किती शांत आहे हो तुमच्याकडे!" मी हसून भाकऱ्या वाढते. मनात येतं, बाई गं, या शांततेला मी किती भ्याले आहे!

गेल्या शनिवारी पाहुण्यांची भजी तळत असताना हे हळूच म्हणाले, "खालचं शेत तारण ठेवावं लागंल. सोमवारी सही कराय चल." आमचं वर्षाचं भात त्या शेतातलं. मी कढईतली भजी उलटली. दोन दिवस मनाशी सगळं जुळवत होते: कर्जावर कर्ज नको, परसातल्या खोल्या कुणाला चालवायला देऊ, मी रिसॉर्टात स्वयंपाकाला जाते, पण शेत नको. भांडेन, रडेन, पण बोलेन.

सोमवारी पाहुणे गेले. हे खोलीत आले तसं मी दार लावून घेतलं. फोटो पुसला, खिळ्याकडे हात नेला.

"राहू दे गं," हे म्हणाले. "शुक्रवारी परत काढायचाच हाय."

त्या आवाजात राग असता, तर मी तो धरून बोलले असते. राग नव्हता. नुसता थकवा होता, आणि तो माझ्याही अंगात तेवढाच होता. जुळवलेलं सगळं तोंडातच राहिलं. फोटो कपाटात ठेवला, साडी बदलली आणि ह्यांच्या मागे गाडीवर बसून सही करून आले.

परतल्यावर खोलीत तोच वास होता. खिडकी मी उघडली नाही.