कोपऱ्यावरच्या लिंबाची तक्रार

सुमंतराव घारपुरे रिटायर झाले आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला एक बिनपगारी मुकादम मिळाला. अख्खी नोकरी ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत पाइपलाइनींची गळती शोधण्यात गेली होती. नोकरी सुटली, पण शोधायची खोड काही सुटली नाही. संशय तर त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. हॉटेलात वेटरने पाणी झटपट आणून ठेवलं तरी यांच्या मनात यायचं, याला आज एवढी घाई कसली?

अशा माणसाच्या फोनवर मराठी मंडळातल्या कुणीतरी सिटीचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, तक्रारींचं ॲप घालून दिलं. रस्त्यात काही बिघडलेलं दिसलं की फोटो काढायचा, तक्रारीचा प्रकार निवडायचा आणि पाठवून द्यायचं. दोनचार दिवसांत सिटीचा ट्रक हजर. सुरुवातीच्या तक्रारी अगदी रास्त होत्या, हे कबूल करायला हवं. ओकच्या मुळांनी उचकटलेली फुटपाथची लादी, बंद पडलेला दिवा, पानांनी तुंबलेलं गटाराचं तोंड. इकडच्या पावसात गटार तुंबलं की पाणी थेट गॅरेजात शिरतं, आणि त्या वर्षी ते शिरलं नाही याचं श्रेय सुमंतरावांचंच.

पण रस्ते संपले. चांगल्या वस्तीत बिघडून बिघडून बिघडणार तरी किती? मग त्यांची नजर रस्त्यावरून हळूच माणसांवर सरकली. कुणाचा कचऱ्याचा डबा दुपार उलटली तरी बाहेर, कुणाची बोट ड्राइव्हवेत, कुणाचं गवत गुडघ्याला लागलेलं. समोरच्या मंजुषाने मुलासाठी बास्केटबॉलचा खांब रस्त्याच्या कडेला उभा केला होता, त्याचाही फोटो गेला आणि खांब हलवावा लागला. तक्रार कुणी केली हे ॲपवर शेजाऱ्यांना दिसत नाही. सुमंतरावांना त्या ॲपमधली सर्वात आवडलेली सोय हीच.

"काका, कुणीतरी रिपोर्ट केलं हो आम्हाला," मंजुषा वॉकला भेटली तेव्हा म्हणाली. "समोरासमोर सांगितलं असतं तर त्याच दिवशी मूव्ह केलं असतं, यार."

"लोक असतात असे," सुमंतराव म्हणाले, आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिले की तिने आपल्याकडे तसं का पाहिलं.

घरात त्या दिवसांत एकच काळजी होती. त्यांची एकुलती एक मुलगी अंतरा जर्सी सिटीत असायची आणि तिला पाचवा महिना लागला होता. याआधी दोनदा आशा लागून मोडली होती. दुसऱ्या वेळी तर ती फोनवर रडलीसुद्धा नव्हती, नुसतं "आई, नाही राहिलं" म्हणाली होती, आणि ते वाक्य या दोघांच्या घरात कितीतरी दिवस तसंच पडून होतं. या खेपेला डॉक्टरांनी तिला बेडरेस्ट सांगितली होती. सातवा लागेपर्यंत कुणाला म्हणून कळवायचं नाही, असं तिघांचं ठरलं होतं. सांगलीच्या सख्ख्या बहिणीलाही सुमंतरावांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

आणि एका रविवारी सकाळी त्यांना कोपऱ्यावर ते दिसलं.

त्यांची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे, गटाराच्या जाळीशेजारी, कागदी नॅपकिनवर कापलेलं लिंबू होतं. लिंबाच्या फोडींना कुंकू चोपडलेलं. सोबत सुक्या मिरच्या, मोहऱ्या आणि दवाने पाझरलेलं जाडं मीठ. एखाद्या अमेरिकन माणसाला ते कुणाचं तरी सांडलेलं जेवण वाटलं असतं. सुमंतरावांना सांगायची गरज नव्हती. हा उतारा होता.

आता सुमंतराव म्हणजे कट्टर विज्ञानवादी. मंडळात त्यांनी अंधश्रद्धेवर भाषण दिलेलं, तेही जेवणाच्या आधी, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं. अंतरा लहान असताना त्यांच्या बायकोने, शोभाताईंनी, तिची दृष्ट काढायला मीठ-मोहरी हातात घेतली, तर यांनी ती मूठ उघडून सिंकमध्ये झटकली होती. असा माणूस त्या लिंबाला वळसा घालून पलीकडच्या फुटपाथने घरी आला. मानत नाही, हे मनाशी घोकत आला. पण हे आपल्याच कोपऱ्यावर का, आणि नेमकं आत्ताच का, हा प्रश्न काही केल्या जाईना.

गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि मंजुषाचं. त्यांचा हिशेब पक्का झाला. खांबाची तक्रार आपण केली हे तिला कळलंय आणि ती सूड उगवतेय. पण तिला अंतराचं कळलं कसं?

"अगं, तू कुणाला बोललीस का?" त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

शोभाताई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. "कशाबद्दल?"

"अंतराबद्दल. त्या मंजुषाला?"

"छे, काहीतरीच काय!" त्या म्हणाल्या, पण नजर वर केली नाही. सुमंतरावांनी ते टिपलं. बायको काहीतरी लपवतेय हे त्यांनी बरोबर ओळखलं, काय लपवतेय ते मात्र साफ चुकलं.

दोन दिवसांनी मंजुषाने अळूवड्यांचा डबा पाठवला. बॅकयार्डात लावलेलं अळू, काकूंना आवडतात म्हणून. सुमंतरावांनी शोभाताईंच्या नकळत अळूवड्या कचऱ्यात ओतल्या आणि डबा दोनदा साबणाने धुतला. अंधश्रद्धा म्हणून नव्हे, स्वच्छता म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पुढच्या रविवारी कोपऱ्यावर पुन्हा लिंबू. या वेळी सुमंतरावांनी फोन काढला. फोटो घेतला. कचरा, खड्डे, दिवे, कुठलाच प्रकार लागू पडेना, म्हणून "इतर" निवडलं आणि खाली झकास इंग्रजीत लिहिलं, की येथे वारंवार संशयास्पद वस्तू ठेवल्या जात आहेत, परिसरातल्या एका कुटुंबाला घाबरवण्याचा हा प्रयत्न असू शकतो, आणि यामागे एक स्त्री असावी. नाव लिहिलं नाही. तेवढी सभ्यता त्यांच्यात होती.

तक्रार कुणाची ते दिसत नसलं तरी तक्रार सगळ्यांना दिसते. दुपारपर्यंत वस्तीच्या ग्रुपवर गदारोळ झाला. ते लाल म्हणजे रक्त आहे का? कुत्र्यांना विष घालतायत का? लहान मुलं तिथूनच शाळेच्या बसला जातात! कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या डगने लिहिलं, की मी माझा कॅमेरा त्या जाळीकडे वळवलाय. आणखी एकाने लिहिलं, की ती बाई माझ्या अंगणात आली तर मी पोलिसांची वाट बघणार नाही, माझ्याकडे बंदूक आहे. सुमंतरावांनी त्या वाक्यावर लाइकचा अंगठा उमटवला. एरवी बंदुकीच्या नावाने ते बोटं मोडायचे, पण त्या दिवशी त्यांना वाटलं, बरं झालं, जरा भीती बसेल.

शोभाताई त्या ग्रुपवर नव्हत्या. असल्या भानगडी त्यांना नको असायच्या.

आणखी एक शनिवार गेला आणि सोमवारी दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर एक पोलीस ऑफिसर उभी होती, तिशीतली, छातीवरच्या पट्टीवर त्रेविनो असं नाव. सुमंतरावांनी उत्साहाने दार उघडलं. शोभाताई पोळ्या टाकून मागे येऊन उभ्या राहिल्या, हाताला कणीक तशीच.

"मिस्टर घारपुरे? ॲपवरची ती तक्रार तुमचीच ना?" ऑफिसरने विचारलं. "तुमच्या शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात शनिवारी संध्याकाळी एक बाई आलीय. त्याने दोनदा हाक मारली, तर तिने उत्तर दिलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. ग्रुपवर लोक काहीबाही लिहितायत. कुणी वेडंवाकडं करून बसण्याआधी मला ती कोण आहे ते शोधायचंय. तुम्ही ओळखता का?"

तिने फोन पुढे धरला. मंजुषाला पाहायला सुमंतरावांनी चष्मा सारखा केला.

पडद्यावर शोभाताई होत्या. संध्याकाळच्या उजेडात, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, मुठी छातीशी धरून भराभर चाललेल्या. शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या कमिटीची ऑनलाइन मीटिंग असते आणि सुमंतराव वरच्या खोलीत दार लावून बसतात. तेवढ्या वेळात ती आयपॅडवर अंतराला व्हिडिओ कॉल लावत असणार, पडद्यावरून मूठ ओवाळत असणार. मिरच्या चुलीवर टाकल्या तर स्मोक अलार्म बोंबलेल आणि नवरा खाली येईल, म्हणून कोपऱ्यापर्यंत जात असणार. उतारा टाकायला निघालं की वाटेत बोलायचं नसतं आणि परतताना मागे पाहायचं नसतं. हे सगळं त्यांना एका क्षणात कळलं, कारण त्यांचं लहानपणही तशाच घरात गेलं होतं.

हो म्हणावं तर बायको अडकते, नाही म्हणावं तर पोलिसांशी खोटं. आणि डोळ्यांसमोर येत होता तो फक्त आपण उमटवलेला अंगठा.

"दॅट इज मी," मागून शोभाताई म्हणाल्या.

त्या पुढे आल्या. पोलिसांकडे त्यांनी पाहिलंच नाही, आधी नवऱ्याकडे पाहिलं. "रिपोर्ट तुम्ही केलंत?"

सुमंतरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. मग त्या ऑफिसरकडे वळल्या आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "माय डॉटर. बेबी कमिंग. टू टाइम्स लॉस्ट. सो नो बॅड आय."

त्रेविनोने फोन खिशात ठेवला. तिची आजी हेच काम अंड्याने करायची, ती म्हणाली, अंगावरून अंडं फिरवायचं आणि फोडून पाहायचं. तिच्या धाकट्या भावाचं केलं होतं, आता तो सहा फुटी आहे. फक्त मॅम, कृपा करून त्या कोपऱ्यावर आता जाऊ नका, लोक बिथरलेत. तिने सुमंतरावांकडे पाहून मान हलवली आणि निघून गेली.

शोभाताईंनी आत जाऊन गॅस बंद केला. तव्यावरची पोळी करपली होती.

"मला सांगायचं तरी," मागोमाग येत सुमंतराव म्हणाले.

"तुम्हाला? म्हणजे पुन्हा सिंकमध्ये झटकायला?" शोभाताई म्हणाल्या. "तुमच्याच आईंनी शिकवलंय मला. अंतराच्या वेळी त्या रोज काढायच्या माझी. तुम्ही ऑफिसात असायचात." आणि मग, हलक्या आवाजात, "त्या माणसाकडे बंदूक आहे म्हणे. मंजुषाने मघाशी फोन करून सांगितलं. काकू, जरा जपून बाहेर पडा, म्हणाली."

सुमंतराव सोफ्यावर बसले ते बसलेच. मग फोन घेऊन ग्रुपवर आपल्या नावानिशी लिहिलं, की ती स्त्री माझी पत्नी आहे, ती प्रार्थना करत होती, आणि तक्रार करणारा मूर्ख मी आहे. डगने सॉरी लिहिलं. बंदूकवाल्याने काहीच लिहिलं नाही. मंजुषाची माफी मागायची तर आधी तिच्यावर आळ घेतला होता हे सांगावं लागलं असतं, तेवढी हिंमत त्यांना झाली नाही.

शनिवारी ते मीटिंगला बसले नाहीत. तिन्हीसांजेला शोभाताईंनी डायनिंग टेबलावर आयपॅड उभा केला. पडद्यावर अंतरा उशीला टेकून पडली होती, चेहरा भरलेला, हात पोटावर. "हाय बाबा! आज तुम्ही पण? वॉव!" ती हसली. सुमंतराव खुर्ची ओढून बायकोशेजारी बसले. आता घरातच काढायची आणि मीठ सिंकमध्ये नळाखाली सोडायचं, असं ठरलं होतं. हे सुचवलं होतं सुमंतरावांनीच, अडखळत.

शोभाताईंनी मीठ-मोहरी मुठीत घेतली. पण मूठ आयपॅडकडे गेली नाही. ती सुमंतरावांच्या कपाळासमोर आली आणि सावकाश फिरू लागली.

"अगं, माझी कशाला काढतेस?" ते संकोचून म्हणाले. "मला कुणाची लागणार आहे?"

"तुम्हाला लागली म्हणून नाही," शोभाताई म्हणाल्या. "तुमची कुणाला लागू नये म्हणून."