आधीचं नाव, नंतरचं नाव: डोंगरातल्या वह्यांच्या भेटीला

जपानला आलेल्या आईला लोक फुजी दाखवतात. मी माझ्या आईला डोंगरातला एक बोगदा दाखवायला नेलं, आणि त्याला कारण ती स्वतःच. पुण्याहून नागोयाला येताना तिने भाजणीच्या पिशव्यांखाली बाबांनी हाताने काढलेली आमची वंशावळ आणली होती, नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीवरून उतरवलेली. बाबा गेल्यावर वरच्या फ्लॅटचं पाणी आमच्या कपाटात झिरपलं, बाकी कागदांचा लगदा झाला आणि हा एकच मोठा कागद वाचला. "मी आहे तोवर सांभाळीन. पुढे काय?" हा तिचा आल्या दिवसापासूनचा प्रश्न. स्कॅन करू म्हटलं तर म्हणाली, "तुझे फोनमधले फोटो तरी सापडतात का तुला?"

ऑफिसमधल्या ओता-सानना हे सहज सांगितलं. त्यांच्या गावात पुराने जुन्या वह्या भिजल्या, तेव्हा गावकऱ्यांनी डोंगरातला बंद पडलेला बोगदा दुरुस्त करून घेतला आणि बौद्ध मंदिराच्या मृत्यूच्या नोंदी, छोट्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, सगळं तिथे हलवलं. बाहेरच्या घराण्यांसाठीही एक फळी मोकळी ठेवली आहे म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा!

शनिवारी सकाळी भाड्याची गाडी घेऊन नागानोच्या दिशेने निघालो. तिकडे बस आहे, पण दिवसातून दोनदाच. टोल एका बाजूचा तीन हजार येनच्या आसपास. शाकाहारी असाल तर वाटेत सोबा नूडल्स टाळा, रश्श्यात मासा असतो. आम्ही गोहेइमोची खाल्ली: भात कुटून काडीला थापतात आणि वर अक्रोड आणि मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, लेप लावून भाजतात. आईने दोन खाल्ल्या आणि "मीठ जरा पुढे आहे" असा शेराही मारला. शेवटचा रस्ता एकेरी आहे, वळणावळणावर आरसे. थंडीत जाणार असाल तर बर्फाचे टायर असलेली गाडीच मागा.

वह्यांची तिजोरी म्हणून मी काहीतरी भव्य डोळ्यांपुढे आणलं होतं. प्रत्यक्षात एक पोलादी दार, आत चपला बदलायच्या, हवा कोरडी ठेवणाऱ्या मशीनची घरघर आणि फळ्यांवर लाकडी पेट्या. तरी आत पाऊल टाकल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला. एका बाजूला मंदिराच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला चर्चच्या. व्यवस्था पाहणाऱ्या मियाशिता-सान म्हणजे गावच्या निवृत्त शिक्षिका. पेट्या उघडून दाखवत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं. आतली माणसं गावातल्याच कुणाची तरी आहेत, म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत हिरवा चहा झाला आणि त्यांनी फॉर्म पुढे केला. प्रत्येकासाठी दोन रकाने: आधीचं नाव, नंतरचं नाव. मी जपानीची परीक्षा पास झालेला माणूस, ऐटीत आईला विचारलं.

"आधीचं कुसुम. नंतरचं सुमती," आई म्हणाली.

मी लिहिलं. मियाशिता-साननी ते वाचलं, आईकडे पाहिलं, पुन्हा फॉर्मकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "माफ करा, पण या... कधी वारल्या?"

झाला ध चा मा! इथे बौद्ध घरांत माणूस गेल्यावर त्याला नवं नाव देतात. ते 'नंतरचं'. मी माझ्या समोर चहा पिणाऱ्या आईला मृतांत जमा केलं होतं. तिला सांगणं भागच होतं. ती इतकी हसली की चहा सांडला.

"सांग त्यांना, मेले नव्हते, सासरी गेले होते. तुझ्या बाबांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नाव लिहिलं."

मी जमेल तसं सांगितलं. मियाशिता-सान हसल्या, मग बोटांवर मोजत म्हणाल्या, "चर्चमध्ये पाण्याने नाव मिळतं, मंदिरात मरणाने. तुमच्याकडे तांदळाने. तुम्ही तर समोरच बसला आहात, मग स्वतः लिहिता येईल की." आणि पेन माझ्या हातातून काढून आईला दिलं.

आईने 'कुसुम' लिहिलं. हे नाव तिच्या हस्ताक्षरात मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला स्वतःची लाज वाटली. मग ती वंशावळीवर बोट ठेवून वर सरकू लागली. सासू लक्ष्मी. आजेसासू रमा. चुलत सासवा, जावा, सगळ्यांचं नंतरचंच नाव. आधीचा रकाना रिकामाच राहणार होता.

मियाशिता-सान म्हणाल्या, तसाही कागद ठेवू शकता. आईने तो फॉर्मसकट उचलला आणि घडी घातली. "एवढ्या डोंगरात ठेवायचा तर अर्धवट कशाला ठेवू? पुन्हा येईन." तीन तास गाडी हाकून हात हलवत परत! पण का कोण जाणे, मला राग आला नाही.

नागोयाला परत आल्यापासून दुपारी डायनिंग टेबलावर कागद पसरलेला असतो आणि फोन स्पीकरवर. मिरजेची काकू, साताऱ्याची आत्या, बाबांची चुलत बहीण. प्रत्येकीला घरातल्या बायकांबद्दल आईचा एकच प्रश्न, "लग्नाआधी काय नाव होतं गं?" पलीकडे आधी हसू येतं, मग नाव. रमा पणजीचं अजून सापडलेलं नाही. पण काल आत्याकडून आजीचं मिळालं. जिच्या एका नजरेने आम्ही पोरं पाटावर सरळ बसायचो, त्या लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव होतं चिमणी.

आईने ते आधीच्या रकान्यात नीट, ठळक अक्षरात लिहिलं. कागदावर फुंकर मारली आणि जन्मात सासूला कधी म्हणाली नसेल अशा सुरात म्हणाली, "चला चिमणाबाई, आवरा. डोंगरावर जायचंय."