आमचं इलोंगो मंडळ, देरा

दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. पेशंटच्या तोंडात डॉक्टरचे हात असतात, त्यामुळे बोलायचं सगळं काम बाहेर बसलेल्यांवर येऊन पडतं! दुबईच्या देरा भागातली ही खुर्ची मी बरीच वर्षं धरून आहे. रोज रात्री जेवताना नवऱ्याला, अन्वरला, दिवसाचा एक किस्सा वाढते. तो म्हणतो, "रेहाना, तुझं क्लिनिक आहे की नाटक कंपनी?"

पण मधे एक वर्ष असं आलं की रोजचा एक किस्सा सांगून माल संपेना. आमच्या क्लिनिकमधल्या फिलिपिनो मंडळींनी स्वतःचं मंडळ काढलं, ते हे वर्ष. आता मी रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान. माझा त्यात काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही बरेच दिवस तेच विचारत होते!

*

सुरुवात रोवेनापासून करते. रोवेना म्हणजे आमची डेंटल असिस्टंट. उंचीने माझ्या खांद्याइतकी, आवाज मात्र पार्किंगपर्यंत पोचणारा. कामावर आली त्या पहिल्याच सकाळी मला म्हणाली, "गुड मॉर्निंग, आते!"

मी गारच पडले. आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण. ही माझ्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी लहान, आणि मी हिची आत्या? दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. बाई मात्र "आते, कॉफी?", "आते, फाइल?" करत मागेमागे. शेवटी मी विचारलंच, "मी तुला इतकी म्हातारी दिसते का?"

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "नो, नो! आते मीन्स बिग सिस्टर!"

घरी येऊन अन्वरला सांगितलं. तो शांतपणे माशाचा काटा काढत म्हणाला, "बहीण म्हणू दे नाहीतर आत्या म्हणू दे. तिच्या घरच्या प्रत्येक कार्याला आता तुला राबायचंय, एवढं लक्षात ठेव."

माणूस कमी बोलतो, पण त्याचं बोलणं खोटं ठरत नाही.

*

एका दुपारी मर्ली नावाची एक पेशंट आली. मिर्दिफला एका अरबी घरात लहान मुलगी सांभाळायला होती. गाल सुजलेला, डोळे खाली. बिचारी कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसली. तेवढ्यात रोवेनाला गावाहून आईचा फोन आला आणि ती तिथेच उभी राहून बोलायला लागली. आणि मर्ली रडायला लागली! साधंसुधं नाही, हुंदके देऊन.

आमचे डॉक्टर समीर, सीरियाचे, केबिनमधून धावत बाहेर आले. "वल्लाह, मी अजून हातसुद्धा लावला नाही!"

मी पाणी दिलं, टिश्यू दिला. "दात फार दुखतोय का?" तिने नाही म्हणून मान हलवली. मग रोवेनाच्या फोनकडे बोट दाखवलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सगळे फिलिपिनो एक भाषा बोलत नाहीत. या दोघी पनाय नावाच्या एकाच बेटावरच्या. तिथली भाषा इलोंगो. मनिलावाल्यांची टागालोग वेगळी. मर्लीच्या कामाच्या घरी अरबी आणि इंग्रजी, शेजारच्या फिलिपिनो आयांशी टागालोग. स्वतःच्या भाषेतलं अख्खं वाक्य, समोर उभ्या माणसाच्या तोंडून, तिने या देशात आल्यापासून ऐकलंच नव्हतं.

रोवेनाने फोन तसाच तिच्या हातात दिला. "घे, माझ्या आईशी बोल."

मर्ली माझ्या समोर अर्धा तास एका अनोळखी म्हातारीशी बोलत, रडत, हसत बसली होती. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "रेहाना, पुढच्या पेशंटला आत घे. हिची ट्रीटमेंट चालू आहे."

त्या संध्याकाळी रोवेनाने जाहीर केलं, "आते, वुई मस्ट हॅव अ ग्रुप!"

*

इथे असा ग्रुप काढणं सोपं नसतं. परवानगी लागते. आमचे पीआरओ सुरेशभाई, केरळचे, सरकारी कामांत मुरलेले. रोवेना मला घेऊन त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, "देखो, कागज आने तक एसोसिएशन मत बोलो, क्लब मत बोलो, चंदा तो बिल्कुल मत बोलो!"

"फिर क्या बोलें?" मी विचारलं.

"बर्थडे बोलो. दोस्त लोग बर्थडे में मिलता है, केक खाता है, खलास!"

रोवेनाने हे इतकं मनावर घेतलं की परवानगी येईपर्यंत त्यांच्यात दर रविवारी कुणी ना कुणी जन्मलं! एकदा तर केक आणायला गेलेल्याने नाव घालायचं कुणाचं हे विचारलंच नाही. केकवर नुसतं लिहून आणलं, "हॅपी बर्थडे, एव्हरीबडी"!

*

अशाच एका बर्थडेला मंडळाचा अध्यक्ष ठरायचा होता. बैठक रोवेनाच्या फ्लॅटमध्ये. आत बसायला जागा नव्हती म्हणून मी किचनमध्ये उभी राहून नूडल्स ढवळत होते. बाहेरून इतकं गोड बोलणं ऐकू येत होतं, की काय सांगू! सुरात, लाडात, शब्द ओढून ओढून. जणू कुणी बाळाला भरवतंय. मला वाटलं, किती समजूतदार माणसं! आमच्या जमातीच्या मीटिंगमध्ये एव्हाना चपला शोधायला सुरुवात झाली असती.

दार धाडकन आपटलं. नोनोय निघून गेला. नोनोय आमच्या क्लिनिकचा ड्रायव्हर, जाडजूड, सुरेल गळ्याचा. त्याच्या मागोमाग निम्मी माणसंही गेली.

मी विचारलं, "झालं काय?"

रोवेना तशाच मधाळ सुरात म्हणाली, "ही कॉल्ड मी डिक्टेटर. आय कॉल्ड हिम अ डाँकी. वुई आर फिनिश्ड, आते."

नंतर कळलं, त्यांच्या बेटावरची माणसं भांडतानाही अशीच बोलतात! सगळ्या फिलिपिन्समध्ये त्यासाठी प्रसिद्ध आहेत म्हणे.

घरी आले ती तोंड पाडूनच. "अन्वर, फुटलं रे त्यांचं मंडळ. अजून परवानगीसुद्धा नाही आली."

"फुटलं?" अन्वर खूश होऊन म्हणाला. "म्हणजे आता खरं मंडळ झालं!"

*

पुढचे काही आठवडे माझे हाल विचारू नका. गाणारे सगळे नोनोयकडे, नाचणारे सगळे रोवेनाकडे. आणि संध्याकाळी आम्हा स्टाफला घरी सोडणारी व्हॅन नोनोयचीच! दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मधल्या सीटवर मी.

"आते, टेल हिम एसी इज टू कोल्ड."

"आते, टेल हर टू वेअर जॅकेट."

हात पुढे केला तर एकमेकांना लागेल इतक्या अंतरावर बसलेली माणसं!

त्यातच रोवेनाला बांबू हवे होते. त्यांचा एक नाच आहे. दोघं जण दोन लांब बांबू जमिनीवर धरून तालात आपटतात आणि नाचणारे त्यांच्या फटींतून पाय वाचवत उड्या मारतात. दुबईत बांबू कुठून आणायचे? अन्वरचं ऑफिस क्रीकजवळ, धक्क्यावर त्याच्या ओळखी. त्याने दोन सुरेख लांब बांबू मिळवले. "पण दोघांना पाठव," म्हणाला. "एकट्याला पेलणार नाहीत."

मी रोवेनाला पाठवलं. आणि नोनोयलाही पाठवलं. दुसरं कोण येणार आहे ते दोघांनाही सांगितलं नाही!

बांबू व्हॅनमध्ये मावेनात. बाहेर काढून ठेवले तर दंड. टॅक्सीवाले बघूनच पुढे जायचे. शेवटी दोघं चालत निघाली. पुढे रोवेना, मागे नोनोय, दोन्ही खांद्यांवर दोन बांबू, अंगात क्लिनिकचा पांढरा युनिफॉर्म, चेहरे उतरलेले, तोंडातून शब्द नाही. अन्वर मागून चालत होता, त्यानेच नंतर सांगितलं.

सिग्नलपाशी आपल्याकडच्या एक साडीतल्या बाई पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते दोन बांबू पाहिले, ते दोन चेहरे पाहिले. पिशव्या खाली ठेवल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटून हात जोडले.

रोवेनाला वाटलं, बाई नमस्ते करतायत! तिने खांद्यावरचे बांबू सावरत मान झुकवली आणि सणाच्या शुभेच्छा देत ठणठणीत आवाजात म्हणाली, "हॅपी फिएस्टा, मॅडम!"

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. अन्वरने तिथेच, फुटपाथवर, दोघांना समजावलं की आमच्या देशात असे दोन बांबू खांद्यावरून कशासाठी नेतात. नोनोय आधी हसला. मग रोवेना. हसता हसता बांबू खाली ठेवून दोघं रस्त्याच्या कडेला बसली. त्या संध्याकाळी व्हॅनमध्ये मधली सीट मी सोडून दिली.

*

समेट झाला, पण अध्यक्षाचं घोंगडं भिजतच होतं. रोवेना म्हणे नोनोयला करा, नोनोय म्हणे रोवेनाला करा. आता या आग्रहावरून भांडण, तेही गोड सुरात! शेवटी कुणीतरी मर्लीचं नाव काढलं. मर्लीला महिन्यातून दोनच रविवारी सुट्टी मिळायची. म्हणजे जी सगळ्यांत कमी वेळा येणार, ती अध्यक्ष. कुणाला त्रास नाही! टाळ्या वाजवून ठराव पास.

मर्ली त्या दिवशी आलेलीच नव्हती. मी तिला फोन केला. "काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम प्रेसिडेंट!"

तिने हळूच विचारलं, "आते, इज इट अ जोक?"

"नाही गं."

"देन आय मस्ट बाय शूज."

*

परवानगी आली तेव्हा कुठलंही खोटं निमित्त न काढता, कुणाचाही वाढदिवस न करता पहिल्यांदा जेवण झालं. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. मी सांदणं केली. तांदळाची, नारळाच्या दुधातली, आई करायची तशी पांढरी फेक. माझी मुलगी सना म्हणाली, "मम्मी, नोबडी विल ईट दॅट." डुकराचं कशात आहे ते कळावं म्हणून टेबलावर प्रत्येक भांड्यापुढे रोवेनाने माझ्यासाठी चिठ्ठी लावली होती. आते यस. आते यस. आते नो, नो, नो!

एक म्हाताऱ्या बाई, कुणाची तरी सासू, व्हिजिटवर आलेल्या, त्यांनी माझं सांदण चाखलं. थांबल्या. दुसरं घेतलं. मग सरळ माझ्याकडे येऊन इलोंगोत काहीतरी विचारू लागल्या. नोनोयने भाषांतर केलं, "विचारतायत, तू कुठल्या गावची?"

"रत्नागिरी."

म्हातारीने विचार केला. मान डोलावली. पुन्हा काही बोलली.

नोनोय हसू दाबत म्हणाला, "म्हणतात, हो, ऐकलंय. आमच्या गावापासून दोन बस बदलाव्या लागतात!"

मी कितीही सांगितलं तरी त्यांना पटलं नाही. जाताना गालाला हात लावून म्हणाल्या, ते मात्र मला नोनोयशिवायही कळलं असतं. "लाजू नकोस पोरी. गाव लपवू नये."

*

आता मोठ्या कार्यक्रमाचं सांगते. एका शाळेचा हॉल, रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली. आणि नेमक्या त्याच रविवारी मर्लीला सुट्टी नाही! तिच्या मालकांच्या घरातली सगळी माणसं बाहेर जाणार होती. म्हातारी आजी आणि मर्ली सांभाळायची ती पाच वर्षांची शम्सा, दोघींना सोडून मर्ली कशी येणार? घरातल्या मोठ्या बाईला तिथे मामा, म्हणजे आई, म्हणतात. मर्लीने धीर करून आजीला सांगितलं, "मामा, मला जायलाच हवं. मी प्रेसिडेंट आहे."

पडदा वर जायच्या आधी दारात मोठी गाडी थांबली. त्यातून मर्ली उतरली, नवे शूज घालून. मग शम्सा. मग काळ्या अबायातली, काठी टेकत आजी. रोवेनाने मला ढकललं, "आते, यू नो हिंदी. गो!" इथल्या जुन्या अरबांना हिंदी येते, ते खरंच. आजीने पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसकण मारली आणि म्हणाली, "मेरे घर में प्रेसिडेंट काम करती है, और मेरे को मालूम नहीं! मैं बोली, चलो, देखते हैं किसका प्रेसिडेंट है."

मर्लीने स्टेजवर दोन वाक्यांचं भाषण केलं. दोन्ही वाक्यांत थँक यू. बांबूचा नाच झाला, रोवेना आणि नोनोय समोरासमोर बसून बांबू आपटत होते, एकही ताल चुकला नाही. मग लहान मुलांची अंगाई. मुलं सगळी इथेच जन्मलेली. घरी आईने इलोंगोत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. रोवेनाने महिनाभर घोकून घेतलं होतं. दोन ओळी झाल्या आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पुढचं कुणालाच आठवेना. नोनोय गिटार वाजवत राहिला, तेच तेच, तेच तेच. आया खाली बसल्या जागी ओठ हलवून शब्द दाखवत होत्या. एक मुलगा रडकुंडीला आला.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. शम्सा आजीच्या मांडीवरून उतरली होती आणि तिच्यासमोर उभी राहून गात होती. तिसरी ओळ, चौथी ओळ, इलोंगोतच, तसेच शब्द ओढून ओढून. नोनोयने गिटार हळू केली. स्टेजवर मर्लीने खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

मी आजीकडे वाकले. "इसको ये गाना किसने सिखाया, मामा?"

"सिखाया?" आजी म्हणाली. "ये तो मेरा गाना है. मेरे को रात में नींद नहीं आती. शम्सा रोज मेरे माथे पे हाथ रखके सुनाती है." आणि तिने डोळे मिटले.

शम्साने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि गाणं शेवटपर्यंत म्हटलं. एकही शब्द न चुकता. अख्खा हॉल उठून उभा राहिला, टाळ्यांसाठी सगळ्यांचे हात वर गेले.

शम्सा वळली. कपाळाला आठ्या घालून, ओठांवर बोट ठेवून, तिने सगळ्या हॉलला दटावलं, "श्श!"

आणि सगळ्यांनी हात हळूच खाली घेतले.